मोठा कॅमेरा, लहान कॅमेरा

गेल्या महिन्यात आमच्या मामेभावाची मुलगी पुण्याहून आजीला भेटावयास इंदूरला आली. आल्याच्या दुसऱ्या दिवशी तिने मामींचे जुने लोखंडी कपाट उघडले आणि त्यातून दोन कॅमेरे काढून माझ्यापुढे ठेवले. एक तिच्या वडिलांचा, २०१० साली घेतलेला डीएसएलआर. काळा, भारदस्त, गळ्यात अडकवण्याचा पट्टा असलेला. दुसरा त्याच वर्षी मी घेतलेला, पत्त्यांच्या जोडाएवढा, चंदेरी. हाती फोन आल्यावर मीच तो मामींकडे टाकून दिला होता.

"आत्या, यातला चांगला कोणता? मी एकच नेणार आहे. हल्ली माझ्या मैत्रिणी असे जुने कॅमेरे शोधून शोधून घेतात," ती म्हणाली.

प्रश्न सरळ होता. पण उत्तर देताना माझी जीभ अडखळली. कारण या दोन कॅमेऱ्यांनी एकाच संध्याकाळी, सियागंजातल्या एकाच पेढीवर, एकाच माणसाचे फोटो काढलेले आहेत, आणि त्या संध्याकाळचा हिशेब माझ्या मनात अजून पुरता मिटलेला नाही. तो आज वाचकांपुढे मांडते.

आधी या दोन यंत्रांची ओळख करून घेऊ. दुकानात गेले की विक्रेता प्रथम सांगतो तो मेगापिक्सेलचा आकडा. माझा चिमुकला कॅमेरा १४ मेगापिक्सेलचा, तर भावाचा मोठा १० चा. किमतीत मात्र त्याचा माझ्या तिपटीहून अधिक. त्या वेळी मी त्याला चिडवलेही होते, की इतके पैसे मोजून चार कमीच मिळवलेस! मेगापिक्सेल म्हणजे चित्र किती ठिपक्यांत विभागले आहे त्याची मोजदाद. तेवढ्याने चित्राचा कस ठरत नाही, हे मला पुढे कळले. चार बाय सहा इंचांचा नेहमीचा फोटो उत्तम छापण्यास बावीस लाख ठिपके, म्हणजे सव्वादोन मेगापिक्सेलही पुरतात. खरा फरक असतो तो ज्या पट्टीवर प्रकाश पडतो तिच्या आकारात. मोठ्या कॅमेऱ्यातील ही पट्टी, म्हणजे सेन्सर, सुमारे २४ मिलिमीटर लांब आणि १६ मिलिमीटर रुंद असते. माझ्या छोट्याची जेमतेम ६ बाय साडेचार. क्षेत्रफळाचा हिशेब केला तर मोठी पट्टी सुमारे तेरा पट भरते. अंगणात पाऊस पडत असता एकाने परात मांडावी आणि दुसऱ्याने वाटी, तसा हा प्रकार आहे. त्यातून माझ्या वाटीचे ठिपके अधिक, म्हणजे वाटणीला येणारे थेंब आणखीच थोडे. मोठ्यातील एकेका ठिपक्याची जागा माझ्यातल्या ठिपक्याच्या अठरा पट होते. भर दुपारी पाऊस मुसळधार असतो, तेव्हा वाटीही भरते आणि दोघांच्या फोटोंत फारसा भेद दिसत नाही. दिवेलागणीला मात्र वाटी रिकामी राहते, आणि फोटोत रवाळ, किरमिजी ठिपके नाचू लागतात.

दुसरा भेद आरशाचा. मोठ्या कॅमेऱ्यात भिंगामागे एक तिरका आरसा असतो. भिंगातून आलेले दृश्य त्यावरून वर जाते आणि आपण डोळा लावतो त्या खिडकीत दिसते. बटण दाबताच आरसा वर उचलला जातो व प्रकाश सेन्सरवर पडतो. तो 'खटॅक' आवाज त्या आरशाचा आणि पडद्याचा. चित्र रेखीव करण्यासाठी भिंग कोणत्या बाजूला किती सरकवावे, हे त्याला एका नजरेत उमगते. छोट्या कॅमेऱ्यात आरसा नाही, म्हणून तर तो इतका पातळ होऊ शकला. पण त्याला भिंग पुढेमागे करून, चित्र केव्हा स्पष्ट होते ते चाचपत बसावे लागते. उजेड कमी असला की हे चाचपणे लांबते. आपण बटण दाबतो आता, आणि फोटो निघतो क्षणभराने. हा क्षणभराचा उशीर वाचकांनी ध्यानात ठेवावा. पुढे त्याचे काम पडणार आहे.

तिसरा भेद वजनाचा. भिंगासह मोठा कॅमेरा आठशे ग्रॅमच्या घरात जातो, माझा दीडशेच्या आत. मोठ्याची भिंगे बदलता येतात, छोट्याचे भिंग कायमचे जखडलेले.

हा मोठ्या-लहानाचा वाद आपल्या इंदूरला काही नवा नाही. थोर छायाचित्रकार लाला दीनदयाळ १८६६ साली इंदूरला बांधकाम खात्यात नोकरीस आले आणि १८७४ च्या सुमारास येथेच त्यांनी छायाचित्रणास आरंभ केला. तुकोजीराव होळकर दुसरे यांचा त्यांना आश्रय लाभला. पुढे हेच गृहस्थ निजामाच्या दरबारी राजा दीनदयाळ झाले. त्या काळचा कॅमेरा म्हणजे लाकडी पेटी, तिकाटणे, काचेच्या जड तावदानांची खोकी आणि ती वाहणारी माणसे. नंतर आमच्या लहानपणी मराठी घरांतून 'आग्फा क्लिक थ्री' नावाचा साधा कॅमेरा आला. एका फिल्मवर बारा चौकोनी फोटो निघत. लग्नमुंजीचा फोटो स्टुडिओवाल्याने मोठ्या कॅमेऱ्याने काढायचा आणि ओंकारेश्वरच्या घाटावरचा आपण क्लिक थ्रीने, अशी कामाची वाटणी तेव्हा ठरूनच गेलेली होती. डिजिटल काळात हीच वाटणी निराळ्या नावांनी परत आली, एवढेच.

आता त्या संध्याकाळकडे वळते. आमचे मामा सियागंजात मसाल्याच्या एका घाऊक पेढीवर हिशेबनीस होते. इंदूरकरांना सियागंज सांगायला नको. परंतु बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगते, की रेल्वे स्टेशनापासून पायी जाण्याच्या अंतरावर किराणा, मसाले, सुका मेवा यांची ही जुनी घाऊक पेठ आहे. हातगाड्या, पोती, हमालांच्या आरोळ्या, आणि हवेत हिंग, धणे, मिरची यांचा असा दर्प, की नवख्याला पहिल्या दहा पावलांत शिंक येते. मामा १९६९ साली त्या पेढीवर बसले आणि २०१० च्या दिवाळीत उठले. पेढीचा हिशेब संगणकावर गेला होता. तरी लक्ष्मीपूजनाच्या दिवशी नव्या वहीवर कुंकवाचे स्वस्तिक काढून 'श्री' लिहिण्याचा मान मामांचाच होता. तो त्यांचा शेवटचा 'श्री'. एकेचाळीस वर्षांत गादीवर बसलेल्या मामांचा एकही फोटो कोणी काढला नव्हता. म्हणून भाऊ नवा कोरा डीएसएलआर घेऊन पुण्याहून आला, आणि मी आपली मामींबरोबर, पर्समध्ये छोटा कॅमेरा टाकून गेले.

पेढीत उजेड म्हणजे दोन पिवळे दिवे आणि पूजेची समई. तेवढ्या उजेडात माझ्या कॅमेऱ्याला पडदा एका सेकंदाच्या पंधराव्या भागाएवढा वेळ उघडा ठेवावा लागत होता, आणि तेवढ्या वेळात माझा हात हलत होता. फ्लॅश लावला, तर मामांचा चेहरा पिठासारखा पांढरा आणि मागची सारी पेढी अंधारात बुडालेली. भावाचा कॅमेरा मात्र समईच्या उजेडात शांतपणे काम करीत होता. चाळिसाव्या भागात त्याचे काम होत होते. मामांची बोटे, बोटांवरचे कुंकू, नाकावर घसरलेला चष्मा, मागे धूसर झालेली पोत्यांची उतरंड, सारे त्यात उतरले. एका फोटोत तर वहीवरचा 'श्री' इतका स्वच्छ आहे, की शाईची ओल दिसावी.

पण एक अडचण होती. भाऊ तो कॅमेरा डोळ्याला लावी आणि मामा ताठ होत. एरवी बोलताना हातवारे करणारे मामा, पासपोर्टचा फोटो काढायला बसल्यासारखे श्वास रोखून बसत. मोठ्या कॅमेऱ्यासमोर माणूस सावध होतो. भावाने त्या संध्याकाळी दोनशेवर फोटो काढले. त्यांतल्या फार थोड्यांत आमचे नेहमीचे मामा होते.

पूजा झाली, पेढे वाटले गेले. भावाकडे दुसरे एक भिंग होते, कमी उजेडात अधिक प्रकाश घेणारे. ते लावावे म्हणून त्याने पहिले भिंग फिरवले, तोच मामा ओरडले, "अरे, इथे उघडू नकोस ते! मिरचीची पूड उडते इथे. माझी घड्याळे बंद पडली इथे, तुझे ते नाजूक यंत्र काय टिकणार!" मामांचे म्हणणे शास्त्रालाही धरून होते, उघड्या कॅमेऱ्यात धूळ शिरली की ती सेन्सरवर बसते आणि पुढच्या प्रत्येक फोटोत डाग बनून राहते. भाऊ दोन्ही भिंगे आणि कॅमेरा पिशवीत घालून आतल्या खोलीत गेला.

आणि नेमका त्या वेळी पेढीचा सर्वांत जुना हमाल दारात आला. मामांच्या बरोबरीचाच, त्यांच्याच काळात लागलेला. तो पायांवर वाकला, तसे मामा गादीवरून उठले आणि त्याला दोन्ही हातांनी धरून उभे केले. मामांना रडताना मी त्यापूर्वी पाहिले नव्हते. रडत होते आणि हसतही होते. मी पर्समधून कॅमेरा काढला, बटण दाबले. कॅमेरा चाचपत राहिला. एक क्षण गेला. फोटो निघाला तोवर हमालाने तोंड फिरवून पागोट्याच्या टोकाने डोळे टिपले होते. माझ्याकडे आला तो त्याचा पाठमोरा खांदा, त्यावर मामांचा हात, आणि मामांचा किंचित हललेला चेहरा. चित्र पिवळट, रवाळ. पण त्यात मामा मामांसारखे आहेत.

भाऊ बाहेर आला तेव्हा सारे संपले होते.

मामा २०१९ साली गेले. त्यानंतर भावाने त्या दिवाळीचे फोटो शोधले, तर ज्या डिस्कवर ते साठवले होते ती उघडेना. दुरुस्तीवाल्यांनीही हात टेकले. दोनशेवर फोटोंतला एकच राहिला, वहीवर 'श्री' लिहितानाचा. कारण तो पेढीच्या मालकांनी मोठा छापून, चौकट करून मामांना निरोपाच्या वेळी दिला होता. माझ्या कॅमेऱ्यातले फोटो मात्र मामींनी त्याच आठवड्यात स्टुडिओत नेऊन छापून आणले होते, बरेवाईट न निवडता सगळेच. म्हणून तो पाठमोऱ्या हमालाचा फोटोही राहिला. मोठा भिंतीवर आहे. हा मामींच्या पोथीत असतो.

हे सारे मी त्या मुलीला सांगितले. ती काही वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "आत्या, मग आपण दोन्ही घेऊन सियागंजात जाऊ या." दोन्हींच्या बॅटऱ्या बाजारातून नव्या आणल्या आणि एका सकाळी आम्ही दोघी निघालो.

जे २०१० साली पाहिले होते तेच पुन्हा दिसले. मुलीच्या गळ्यात मोठा कॅमेरा पाहताच एका दुकानदाराने विचारले, "कौन से अखबार से हो, बेटा?" आणि सदऱ्याची कॉलर नीट केली. दुसऱ्याने तर हात आडवा धरला. परंतु तिसऱ्याने खुर्ची दिली, आणि मुलीने वीस मिनिटे खपून खारकांच्या ढिगामागे बसलेल्या त्या आजोबांचा असा फोटो घेतला, की पाहत राहावे. मोठा कॅमेरा माणसाला थांबवतो. काढणाऱ्यालाही थांबवतो, उजेड कुठून येतो, मागे काय आहे, हे पाहायला लावतो. माझ्या हातातल्या छोट्याकडे कोणी ढुंकूनही पाहिले नाही. हातगाडीवर बसून चहा पिणारी पोरे, पोत्यावर झोपलेले मांजर, भावाची घासाघीस, सारे मला सहज मिळाले. छपराखाली सावली आली की मात्र बिघडले.

कोणी म्हणेल, आता खिशात फोन असताना ही उठाठेव कशाला? म्हणणे खोटे नाही. आजचा चांगला फोन एका दाबात अनेक चित्रे घेऊन ती एकत्र करतो, आणि अंधारात माझ्या जुन्या छोट्या कॅमेऱ्याला मागे टाकतो. म्हणूनच तर हे छोटे कॅमेरे नाहीसे झाले. जपानी कॅमेरा-उत्पादकांच्या संघटनेच्या आकड्यांनुसार २०१० साली जगभर १२ कोटींहून अधिक डिजिटल कॅमेरे रवाना झाले. अलीकडे हा आकडा ऐंशी लाखांच्या आसपास असतो. डीएसएलआरचेही दिवस उतरणीला लागले. कॅनन आणि निकॉन या दोन्ही कंपन्यांनी २०१८ पासून आरसा नसलेल्या मोठ्या कॅमेऱ्यांकडे मोहरा वळवला आहे. पण त्यामुळेच हे जुने कॅमेरे आता स्वस्तात मिळू लागले, आणि शिकणाऱ्याच्या पथ्यावर पडले.

तेव्हा ज्या वाचकांच्या घरी असा प्रश्न निघेल, त्यांना दोन शब्द. मुलाला वा मुलीला छायाचित्रण शिकण्याची खरी ओढ असेल, तर जुना डीएसएलआर द्यावा. अनंत चतुर्दशीच्या रात्री गिरण्यांच्या झांक्या निघतात. तो धावता उजेड टिपण्याचे काम त्याचेच. मात्र भिंगात बुरशीचे जाळे नाही ना, हे उजेडाकडे धरून पाहावे. आपल्याकडच्या पावसाळ्यात ते फार लवकर धरते. प्रवासात, गर्दीत, वा रंगपंचमीच्या गेरेत, जिथे आठशे ग्रॅम गळ्यात वागवणे नको होते, तिथे छोटा बरा. गेरेत तोही प्लास्टिकच्या पिशवीत घालून. त्याच्यासाठी जुन्या धाटणीचे, ३२ जीबीपर्यंतचे कार्ड घ्यावे; त्याहून मोठी कार्डे पुष्कळशा जुन्या कॅमेऱ्यांना ओळखू येत नाहीत. आणि कोणताही घ्या, वर्षातून एकदा निवडक फोटो छापून घ्या. आमच्या घरी कॅमेऱ्याने नव्हे, कागदाने फोटो राखले.

मुलीने अखेर मोठा कॅमेरा निवडला. पण एक नियम स्वतःच केला: ते कमी उजेडाचे भिंग एकदा चढवायचे आणि बाहेर असताना काढायचे नाही. कॅमेरा पिशवीत न ठेवता हातात ठेवायचा.

हा नियम तिला सुचला, तो सियागंजातून परतताना. त्या सकाळी आम्ही मामींकडचा तो छापील फोटोही बरोबर नेला होता. पेढीवर चौकशी करता कळले, की तो हमाल काही वर्षांपूर्वी वारला. त्याचा मुलगा तिथेच गाडी लावतो. आम्ही त्याला फोटो दाखवला. त्याने तो दोन्ही हातांत धरला, बराच वेळ पाहिला आणि म्हणाला, "हाँ, बाबूजी ही हैं. पगड़ी ऐसे ही बाँधते थे." मग हळूच विचारले, "इसमें चेहरेवाला दूसरा नहीं है?"

नाही, असे सांगताना मला फार अवघड झाले. एका क्षणाचा तो उशीर मी चौदा मेगापिक्सेलच्या गर्वात कधी मोजला नव्हता. मुलीने मग त्याचाच फोटो काढला, वडिलांच्या त्या फोटोसह, उजेडाकडे तोंड करून. दोन्ही फोटोंच्या प्रती छापून मी गेल्या आठवड्यात त्याला नेऊन दिल्या आहेत.